बुजगावणं आणि बोलावणं

‘आईला बरं नाही’ असा फोन पेनसिल्व्हेनियाला गेला, तेव्हा आई स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. फोन हातात घेतल्यावर तिचा आवाज एवढा खोल गेला की मीच दचकलो. “एकदा डोळं भरून बघून जा रे बाळा,” एवढंच ती नातवाला म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि चटणीत मीठ कमी आहे का ते चाखून बघितलं. आठव्या दिवशी भाचा इचलकरंजीत, गावभागातल्या आमच्या घरी दाखल. आजी दारात ठणठणीत उभी बघून त्याला बरंही वाटलं आणि थोडा संशयही आला. पण तोवर तिकिटाचे पैसे गेलेले होते.

बॅगेतून रिवाजाप्रमाणे चॉकलेटं निघाली, बदाम निघाले, गुडघेदुखीच्या गोळ्या निघाल्या. तळाशी एक तपकिरी रबरी गुंडाळी होती. बायकोला वाटलं, गरम पाण्याची पिशवी. भाच्यानं ती तोंडानं फुगवायला घेतली आणि बघता बघता आमच्या सोप्यात एक बाई उभी राहिली. पंखांची, बारीक मानेची, चेहऱ्यावर कायमचं निरागस आश्चर्य.

“ही टर्की,” भाचा म्हणाला. “मादी. शिकारीला वापरतात.”

शेजारचे अण्णा पेपर परत करायला आले होते. त्यांचे बारा माग आहेत. “टर्की? म्हंजे टर्किश टॉवेल? ते सोलापूरचं काम. आपल्याकडं धोतर, पॉपलीन, केंब्रिक विचारा.” अण्णांचा दोष नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथं कुठलाही नवा शब्द आला की तो आधी कापड म्हणून तपासून बघतात. पक्षी वगैरे नंतर.

या पक्ष्याचं नावाच्या बाबतीत नशीबच फुटकं. मूळचा अमेरिकेतला. पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्कस्तानात विचारावं तर ते त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा. फ्रेंचांच्या नावातही हिंदुस्थानच आहे. पोर्तुगीज म्हणतात ‘पेरू’, आणि ते नाव हिंदीतही रुळलं आहे. आपल्याकडं पेरू म्हटलं की माणूस तिखट-मीठ शोधायला लागतो. थोडक्यात, ज्याला विचाराल तो ‘आमचा नव्हे, पलीकडच्या गल्लीतला’ म्हणून मोकळा. आपल्या मुलखाशी त्याची ओळख मात्र जुनी आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून नवलाईचे प्राणी घेऊन गेला, त्यात एक टर्की होता. बादशहानं डोळे विस्फारले आणि उस्ताद मन्सूरला त्याचं चित्र काढायला लावलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आमच्या सोप्यातल्या बाईचं चित्र अण्णांनी मोबाइलवर काढलं आणि मागवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत तीन जणांनी दर विचारला.

भाच्याचा तिकडचा शेजारी शिकारी आहे. दर वसंतात तो पहाटे चारला उठून रानात जातो. गेल्या वर्षी त्यानं यालाही सोबत नेलं. “मी बंदुकीला हात लावला नाही, नुसता बसलो होतो,” हे भाच्यानं आजीकडं बघत तीनदा सांगितलं.

पद्धत अशी. रानटी टर्कीची नजर भलतीच तीक्ष्ण, कान त्याच तोडीचे. नाक मात्र यथातथाच. म्हणून शिकारी पायापासून डोक्यापर्यंत पालापाचोळ्याच्या छापाचे कपडे घालून झाडाला पाठ लावून बसतो. वीसेक पावलांवर ही रबरी बाई उभी करतो आणि मग मादीचा आवाज काढायला लागतो. त्यासाठी खडू फासलेली लाकडी डबी असते, टाळूला चिकटवायची पातळ पट्टी असते. आणि तिसरं साधन ऐकून तर माझा ऊर भरून आला, कारण ते म्हणजे चक्क पाटी आणि पेन्सिल! दगडी पाटीवर काडी विशिष्ट कोनात ओढली की टर्कीची मादी बोलते. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवली आहेत. पहिलीच्या वर्गात पन्नास पोरं एका वेळी पाटीवर ‘ग’ गिरवत असताना जो आवाज निघायचा, तो अमेरिकेत ऐकू गेला असता तर त्या देशातले निम्मे टर्की शाळेच्या पटावर लागले असते.

यातली खरी अडचण पक्ष्याच्या रीतिरिवाजाची. टर्कीमध्ये नर एका जागी उभा राहून ओरडतो, पिसारा फुलवतो, आणि मादीनं त्याच्याकडं चालत जायचं असतं. शिकाऱ्याला हवं असतं उलटं. त्याची खोटी मादी जागची हलू शकत नाही. नर हाकेला ओ देतो, जवळ येतो, आणि साठ-सत्तर पावलांवर येऊन थांबतो. झाडाआड छाती काढून उभा. एवढा मी आलो, आता उरलेलं तिनं यावं.

“म्हंजे मुलाकडचे,” आई आतून म्हणाली.

मी हसलो, पण तिचं बरोबर होतं. मानपानावर अडून बसलेला नवरदेव आणि झाडाआड थांबलेला तो नर यांत पिसाऱ्याचाच काय तो फरक. त्या साठ पावलांच्या पेचातून मार्ग काढायला ही रबरी बाई. नुसत्या आवाजावर नराचा भरवसा नसतो, मादी डोळ्यांना दिसली की त्याचा पाय उचलतो. तरी नाही उचलला, तर तिच्याशेजारी एक पोरगेला नर उभा करायचा. टर्कीला दाढी छातीवर येते. या पोरगेल्याची ती बोटभरच, म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेलं समजा. त्याला बघितलं की म्हाताऱ्या नराच्या अंगाचा तिळपापड होतो. कालचं पोर आपल्या आधी! तो तरातरा येतो, आणि पाठीमागून नव्हे, समोरून येऊन त्या पोराच्या तोंडाला तोंड देतो. म्हणून जाणते शिकारी पोराचं तोंड स्वतःकडं करून ठेवतात. म्हातारा भांडायला वळसा घालून पुढं येतो, तो नेमका बंदुकीच्या टप्प्यात.

“दुसरं स्थळ आलंय म्हणून कानावर घालायचं,” अण्णांनी सार काढलं.

“आणि तरीबी न्हाई आला तर?” आईनं विचारलं. ती आता भाकरीचं पीठ तसंच ठेवून उंबऱ्यात येऊन बसली होती.

“मग शेजारी पाटी खाली ठेवतो,” भाचा म्हणाला. “हाका बंद. गप्प बसून राहायचं. अर्धा तास, तास. नराला मग राहवत नाही. आवाज का थांबला ते बघायला तो आपल्या पायानं येतो.”

“हं,” म्हणून आई उठली. मी त्या ‘हं’कडं तेव्हा दुर्लक्ष केलं.

भाच्याच्याच पेनसिल्व्हेनियात, तिथल्या राज्य विद्यापीठात, मार्टिन शाइन आणि एडगर हेल या दोघांनी गेल्या शतकाच्या मध्यात पाळीव टर्कींवर प्रयोग केले. नरापुढं पेंढा भरलेली मादी ठेवली. तो खूष. मग एकेक भाग काढत गेले. शेपूट काढली, पंख काढले, पाय काढले. गड्याच्या उत्साहात फरक नाही. शेवटी काठीवर खोचलेलं नुसतं मुंडकं उरलं, तरी हा पिसारा फुलवून गिरक्या घेतोच आहे. उलट मुंडकं नसलेलं अख्खं धड ठेवलं, तर त्यात त्याला मुंडक्याइतकी गोडी वाटेना. हे ऐकून आमची बायको म्हणाली, “पुरुष!” आणि आत गेली. मी मात्र संध्याकाळी मेन रोडनं जाताना कापडदुकानांच्या काचा बघत गेलो. आत ओळीनं पुतळे उभे. एकाला डोकं नाही, दोघांना हात नाहीत, आणि काचेसमोर चार बायका, त्यांच्यामागं त्यांचे चार नवरे, तल्लीन. टर्कीला मुंडकं पुरतं, माणसाला धड. तेवढ्यावरून आपण शहाणे ठरतो का, ते पेनसिल्व्हेनियानं ठरवावं.

ही विद्या तिकडचीच आहे असं नव्हे. तिकडं ती पुरातन आहे खरी. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची विणलेली, पिसं लावलेली अकरा बदकं सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती तळ्यावर सोडायला केली होती, आणि पुढच्या हंगामासाठी नीट गुंडाळून ठेवली होती. (पुढच्या हंगामासाठी नीट गुंडाळून ठेवलेल्या वस्तू दोन हजार वर्षांनी सापडतात, हा अनुभव आमच्या माळ्यावरही आहे.) पण आपल्याकडं रबराचं किंवा लव्हाळ्याचं पाखरू लागत नव्हतं. आपलं सोंग जिवंत होतं. फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून माळावर न्यायचे आणि भोवती फासे मांडायचे. पिंजऱ्यातल्यानं पहाटे आवाज दिला की रानातला तित्तर पिसं फुलवून धावत यायचा. यात प्रेमाचा काडीइतका संबंध नाही. माझ्या हद्दीत येऊन ओरडणारा हा कोण, एवढाच सवाल. म्हणजे मामला सातबाऱ्याचा. आमच्या जिल्ह्यात प्रेमापायी पहाटे उठणारे थोडे सापडतील, पण शेजाऱ्यानं बांध कोरला असं नुसतं कुणी म्हटलं तर रात्री तीनला बॅटरी घेऊन निघणारे घरटी एक आहेत. तित्तराला नावं ठेवायची सोय नाही.

ज्यांच्या बोटांत ही कला होती, त्यांच्यावर इंग्रज सरकारनं १८७१ चा कायदा करून आणि पुढं तो वाढवत नेऊन गुन्हेगारीचा शिक्का मारला. जन्माला येणारं पोरही त्यात धरलं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात त्यांच्यावरची सक्तीची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. तित्तराला जो चकवतो, त्याला चोर काय चकवणार! इंग्रजी राज्यातल्या साहेबांना हा साधा हिशेब सुचला नाही.

कोल्हापूर दरबारची स्वतःची शिकारही सोंगावरच चालायची. काळविटाला माणसाचा वास आला तरी तो पळतो, पण बैलगाडीला घाबरत नाही. गाडी म्हणजे शेतकरी, शेतकरी म्हणजे निरुपद्रवी, हे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यात बसलेलं. मग डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसायचा आणि गाडी रमतगमत कळपाजवळ जायची. जवळ गेल्यावर चित्तेवान टोपी काढायचा. पुढं देशातले चित्ते आटले, तेव्हा संस्थानांनी आफ्रिकेतून आणवले. भारतातला चित्ता संपल्याचं सरकारनं १९५२ साली जाहीर केलं. त्याच वर्षी पारध्यांच्या कपाळावरचा शिक्काही पुसला, निदान कागदावर. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तर ‘शिकार’ या शब्दातच फासे लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं हे सगळं धरलं. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी सोप्यातल्या बाईकडं नजर टाकली. “म्हंजे ही जामिनावर हाय म्हणा.”

मग उरलं काय? उरली वडाप. जयसिंगपूरला शाळेत जाता-येता मी आयुष्याची बरीच वर्षं वडाप जीपमध्ये काढली. “चला चला, दोनच शिटा, सुटलीच गाडी!” आत डोकावलं तर खरंच सहा-सात माणसं बसलेली. आपण चढतो. आणखी चार जण चढतात. मग आतला एक जण “पान खाऊन आलो” म्हणून उतरतो, दुसरा “लघवीला” म्हणून. ते परत येत नाहीत. ते प्रवासी नसतातच, ड्रायव्हरचे दोस्त असतात. त्यांची जीपमधली सगळी कामगिरी म्हणजे बसून दिसणं. हे मला कळायला पाच वर्षं लागली. आणि मीही त्यातलाच आहे हे कळायला आणखी तीन. एक ड्रायव्हर मला रोज अगत्यानं पुढं बसवायचा. “मास्तर, तुमी फुडंच बसायचं.” मी समजत होतो, हा गुरुजनांचा मान. एक दिवस तो दुसऱ्याला सांगताना ऐकलं, “मास्तर फुडं दिसलं की बायामाणसं बिनघोर चढत्यात.” म्हणजे आठ वर्षं मी वीस पावलांवर उभा होतो. माझी कुणी हवा काढली नाही, एवढंच.

कापडाच्या पेठेत हेच जरा मोठ्या आवाजात चालतं. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना व्यापारी फोन कानाला लावून ओरडतो, “आता कुठला माल? सगळ्या गाठी सकाळीच गेल्या!” पलीकडं कुणी असतंच असं नाही. हीच ती टाळूची पट्टी.

अमेरिकेत मात्र सोंगावर सोंग चढलेलं आहे. तिथले वनरक्षक रस्त्याकडेला यंत्राचं हरीण किंवा टर्की उभा करतात, मान हलवणारा, शेपूट उडवणारा. बेकायदा शिकारी गाडीतूनच गोळी घालतो, आणि झुडपातून वनरक्षक पावतीपुस्तक घेऊन बाहेर येतात. शिवाय शिकाऱ्यांना ताकीद असते की रानात लाल, पांढरं, निळं काही घालू नका. नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि पलीकडच्या झाडाला टेकलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याला तेवढाच ठिपका दिसला तर? रबरी पक्षी नेतानाही भगभगीत नारिंगी पिशवीतून न्यायचा म्हणतात. एवढं सगळं सांभाळून, बहुतेक राज्यांत वसंतात मारता येतो तो फक्त नर. ही शिस्त कडू अनुभवातून आली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हा पक्षी तिथं दोनेक लाखांवर आला होता. मग लोकांनी जाळी टाकून धरून धरून तो नव्या रानांत सोडला, आणि संख्या साठ लाखांच्या वर गेली.

रविवारी भाच्यानं बाईला रानात न्यायचं ठरवलं. माझ्या मेहुण्याची शिरोळकडं नदीकाठाला शेती आहे. शाळू हुरड्याला आलेला, मधोमध बुजगावणं. अंगात माझाच जुना सदरा, डोक्याचं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे. भाच्यानं त्याच्यापासून वीस पावलं मोजून बाईला बांधावर उभं केलं आणि आम्ही उसाच्या कडेला लपून बसलो. आता परिस्थिती अशी, की एकाच शेतात एक जण म्हणतोय ‘येऊ नका’ आणि दुसरी म्हणतेय ‘या’. आपल्या भाषेनं ‘येऊ नका’ म्हणणाऱ्याला बुजगावणं असं झकास नाव दिलं. या दुसरीला काय म्हणावं? मेहुणा म्हणाला, “बोलावणं म्हणा की.”

पहिली साळुंकी आली. ती बुजगावण्याच्या मडक्यावर बसली, तिथून तिनं बोलावण्याकडं बघितलं आणि शाळू खायला गेली. मग वस्तीवरचा कोंबडा आला. एक पंख जमिनीला घासत त्यानं बाईभोवती दोन फेऱ्या मारल्या. बाई ढिम्म. तिसऱ्या फेरीत त्याला अपमान असह्य झाला असावा, तो तिला पाठ करून माती उकरायला लागला. कुत्रं आलं, हुंगून गेलं. पाखरांच्या दृष्टीनं दिवस फुकट.

माणसांचं मात्र तसं नव्हतं. रस्त्यावरून जाणारी पहिली मोटरसायकल थांबली. “काय जात म्हणायची ही? गिरिराज?” दुसरा थांबला. “अंडं केवढं देती?” तिसऱ्यानं गाडी लावून थेट आत येऊन तिची पाठ दाबून बघितली आणि जराही न गोंधळता म्हणाला, “आतनं पोकळ दिसती. किलोला काय धरलाय?” तासाभरात बांधावर अकरा जण. एकानं मला बाजूला घेतलं. २०१९ साली आमच्या सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत पुष्कळांचे हात पोळले. हा त्यांतलाच निघाला. “कडकनाथात माझं लई गेलं, मास्तर,” तो हळूच म्हणाला. “पण हिची काय स्कीम असली तर आधी मला सांगा.”

रानटी टर्की एकदा चुकून वाचला, तर पुढच्या खेपेला रबरी बाईकडं लवकर फिरकत नाही, असं भाच्याच्या शेजाऱ्याचं म्हणणं आहे.

परत येताना भाचा गप्प होता. मला वाटलं, प्रयोग फसला म्हणून. पण घरात गेल्या आठवडाभरात काय काय झालं ते आता एकेक माझ्या ध्यानात येत गेलं. तो आला त्याच रात्री आई म्हणाली होती, “जयसिंगपूरची एक मुलगी हाय, नुसतं चहाला येतील.” तो म्हणाला होता, “आजी, प्लीज, नको.” टर्कीची कथा ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना ती सहज बोलल्यासारखं बोलली, “त्या पोरीला सांगलीचं एक स्थळ आलंय म्हणं. डॉक्टर हाय.” तो काही बोलला नाही, फक्त आमटी वाढून घ्यायची विसरला. त्यानंतर चार दिवस आईनं त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा ती चुलीपुढं होती. भाच्यानं हवा काढलेली बाई खुंटीला टांगली, हातपाय धुतले, स्वयंपाकघराच्या दारात आला. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा चालू. तो जरा घुटमळला, उंबऱ्यावर बसला, पुन्हा उठला.

“आजी, ती जयसिंगपूरची मुलगी... काय झालं तिचं?”

“कुठली रं मुलगी?” आई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.